टीव्ही अडकतो तेव्हा : प्लॅन वाढवण्याआधी काय पाहावे



गेल्या गणेशोत्सवात मंडळाच्या कार्यक्रमांचे थेट प्रक्षेपण आपण यूट्यूबवरून केले. ज्यांना सभागृहाचा जिना चढवत नाही, जे मुलांकडे पुण्याला किंवा परदेशी गेले आहेत, त्यांच्यासाठी ही सोय होती. पहिल्या दिवशी कीर्तन सुरू होऊन दहा मिनिटे झाली नाहीत तोच फोन यायला लागले. "चित्र थांबलंय." "गोल गोल फिरतंय." "बुवांचा आवाज येतोय, पण तोंड हलत नाहीये."

आधी आम्ही आमच्याच यंत्रणेत दोष शोधला आणि तो सापडलाही. प्रक्षेपण मोबाइलच्या डेटावरून चालले होते. सभागृह भरले, सगळ्यांच्या खिशातले फोन त्याच टॉवरला जोडले गेले, की आमचा डेटा मंदावत होता. दुसऱ्या दिवशी कार्यालयातल्या ब्रॉडबँडची केबल थेट लॅपटॉपला लावली आणि चित्राचा दर्जा १०८० वरून ७२० वर आणला. निम्मे फोन थांबले. उरलेले मात्र थांबले नाहीत. कारेलीबागेतल्या एकाच सोसायटीत, एकाच कंपनीचे कनेक्शन असलेल्या दोन घरांपैकी एका घरी कीर्तन सुरळीत चालू होते आणि दुसऱ्या घरी अडकत होते. म्हणजे गडबड घरातल्या घरात होती.

त्यानंतर मंडळातले आम्ही तिघे निवृत्त सभासद बोलावणे येईल त्या घरी जाऊन पाहू लागलो. आमच्यापैकी कोणी इंजिनिअर नाही. ताळा जमत नसेल तर चूक कोणत्या पानावर आहे ते शोधायची बँकेतली सवय तेवढी आहे. बहुतेक घरांत एक गोष्ट सारखी दिसली : टीव्ही अडकला की लोक प्लॅन वाढवतात, आणि प्लॅन वाढवूनही टीव्ही अडकतोच.

दांडिया बाजारातल्या एका काकूंचे उदाहरण सांगतो. वय चौऱ्याऐंशी, गुडघ्यांमुळे घराबाहेर पडणे बंद. मुलगा परदेशात. आईचा टीव्ही अडकतो म्हणून त्याने तिकडून आधी १०० एमबीपीएसचा प्लॅन घेतला, मग ३०० चा. आम्ही गेलो तेव्हा काकू म्हणाल्या, "पैसे त्याचे जातात आणि फिरणारं चाक मी बघत बसते. तुम्ही तरी काय ते सांगा." घर जुने, वाड्याच्या बांधणीचे. फायबरची तार रस्त्याकडून येते म्हणून कंपनीच्या माणसाने राउटर ओटीवरच, दाराच्या चौकटीशेजारी ठोकलेला. टीव्ही माजघराच्याही आतल्या खोलीत. मध्ये दीड-दीड फुटाच्या दोन भिंती, आणि दुसऱ्या भिंतीला टेकून लोखंडी कपाट. राउटरशेजारी उभे राहून मोबाइलवर वेग मोजला तर २८० च्या आसपास. टीव्हीच्या शेजारी तोच मोबाइल धरला तर कधी ६, कधी २, मध्येच शून्य. कंपनी ३०० देत होती आणि ते ३०० ओटीपर्यंत येतही होते. पुढे दोन भिंतींतून टीव्हीकडे जाताना ते गळून जात होते. अशा घरी १,००० चा प्लॅन घेतला तरी टीव्हीपाशी तेच २ आणि ६ दिसणार.

चाक का फिरते

इंटरनेटवरचा कार्यक्रम टीव्हीकडे अखंड धारेने येत नाही. त्याचे काही सेकंदांचे छोटे तुकडे केलेले असतात. टीव्ही पुढचे तुकडे आधीच आणून ठेवतो आणि त्या साठ्यातून आपल्याला दाखवतो. हा साठा म्हणजे कॅशियरच्या गल्ल्यातली रोकड समजा. तिजोरीतून रोकड यायला पाच मिनिटे उशीर झाला तरी गल्ल्यात शिल्लक असेल तर रांगेतल्या माणसाला काही कळत नाही. गल्ला रिकामा झाला की मात्र खिडकी थांबते. ती थांबलेली खिडकी म्हणजेच पडद्यावरचे फिरणारे चाक.

थेट प्रक्षेपण लवकर अडकते ते यामुळेच. मालिका किंवा सिनेमा पूर्ण तयार असतो, त्यामुळे टीव्ही बराच पुढचा भाग आणून ठेवू शकतो. थेट कीर्तनात पुढचे वाक्य बुवांनी अजून उच्चारलेलेच नसते, मग साठा करणार कशाचा? गल्ल्यात जेमतेम काही सेकंदांची रोकड. म्हणून "मालिका तर नीट दिसतात, तुमचंच प्रक्षेपण वाईट" अशी जी तक्रार आमच्याकडे आली ती अगदीच खोटी नव्हती, पण त्या घरचे वाय-फाय काठावर असल्याचीही ती खूण होती.

प्रत्यक्षात वेग फारसा लागत नाही. चांगल्या एचडी चित्राला ५ एमबीपीएसच्या आसपास पुरतात, फोर-केला १५ ते २५. घरात दोन टीव्ही आणि चार मोबाइल असले तरी ५० ते १०० चा प्लॅन बहुतेक कुटुंबांना पुरेसा आहे. टीव्हीला लागते ते सातत्य. सतत १० मिळाले तर चाक फिरणार नाही. कधी ८० आणि कधी शून्य मिळाले तर फिरेल, मग सरासरी कितीही छान येवो.

आणखी एक घोटाळा येथेच दूर करू. प्लॅनमधला आकडा बिटमध्ये असतो आणि डाउनलोड होताना संगणक बहुधा बाइटमध्ये आकडा दाखवतो. आठ बिट म्हणजे एक बाइट. तेव्हा १०० च्या प्लॅनवर संगणकाने १२ दाखवले तर कंपनीने फसवले असे समजू नये.

आधी मोजावे, मग हात लावावा

सगळ्यात आधी वीज बंद करून राउटर अर्धा मिनिट तसाच ठेवावा आणि पुन्हा चालू करून दोन-तीन मिनिटे थांबावे. मग टीव्हीचाही प्लग काढून लावावा. रिमोटने बंद केलेला टीव्ही खरा बंद होत नाही, तो नुसता डुलकी घेतो. एवढ्याने जर महिनाभर सुरळीत चालले तर पुढचे वाचायची गरज नाही. दर दोन दिवसांनी हेच करावे लागत असेल तर मात्र वाचावे.

मोजमाप तीन ठिकाणी घ्यायचे. पहिले राउटरजवळ, शक्यतो लॅपटॉपला केबल लावून. दुसरे टीव्हीशेजारी मोबाइल धरून. तिसरे खुद्द टीव्हीवर. टीव्हीवरच्या यूट्यूबमध्ये व्हिडिओ चालू असताना सेटिंगच्या चाकात 'स्टॅट्स फॉर नर्ड्स' असा पर्याय असतो. तो निवडला की कोपऱ्यात आकडे येतात. त्यांत 'बफर हेल्थ' म्हणजे गल्ल्यात किती सेकंदांची रोकड शिल्लक आहे ते दिसते. हा आकडा घटत घटत शून्याकडे गेला की चाक फिरणार हे आधीच कळते. नेटफ्लिक्स असेल तर त्याच्या मदत विभागात नेटवर्क तपासण्याची सोय आहे. ही मापे दुपारी एकदा आणि रात्री नऊच्या सुमारास एकदा घ्यावीत आणि कागदावर लिहून ठेवावीत.

राउटरजवळच वेग कमी असेल तर तक्रार कंपनीकडे. राउटरजवळ भरपूर आणि टीव्हीशेजारच्या मोबाइलवर कमी असेल तर दोष वाय-फायचा. मोबाइलवर भरपूर आणि टीव्हीवरच कमी असेल तर दोष टीव्हीचा. आम्ही पाहिलेल्या घरांत मधला प्रकार सर्वांत जास्त निघाला.

वाय-फायची दुरुस्ती

पहिली दुरुस्ती फुकटची : राउटर हलवणे. तो टीव्हीच्या मागे, शोकेसच्या बंद कप्प्यात, लोखंडी कपाटावर किंवा जमिनीवर नसावा. मोठा आरसा, पाण्याची टाकी, माशांची पेटी यांच्याआड नसावा. घराच्या मध्याकडे, छातीच्या उंचीवर किंवा त्याहून वर, उघड्यावर असावा. एका घरी तो दिसायला बरा दिसत नाही म्हणून स्टीलच्या डब्यांच्या फळीवर, डब्यांच्या मागे ठेवला होता. डब्यांपुढे आणल्यावर प्रश्न संपला, आणि चहाही मिळाला.

दुसरी गोष्ट दोन पट्ट्यांची. हल्लीचे बहुतेक राउटर २.४ गिगाहर्ट्झ आणि ५ गिगाहर्ट्झ अशा दोन पट्ट्यांवर वाय-फाय देतात. २.४ लांब जाते, भिंत बऱ्यापैकी ओलांडते, पण त्या पट्टीवर गर्दी फार. शेजाऱ्यांचे राउटर, ब्लूटूथ, इतकेच काय मायक्रोवेव्ह ओव्हनही त्याच परिसरात काम करतो. ५ वेगवान आणि मोकळे, पण जाड भिंतीपुढे हात टेकते. दोन्ही पट्ट्यांना एकच नाव दिलेले असेल तर कोणती धरायची हे टीव्ही आपल्या मनाने ठरवतो आणि अनेकदा चुकीचे ठरवतो. म्हणून दोघींना वेगळी नावे द्यावीत. टीव्ही राउटरच्याच खोलीत किंवा एका पातळ भिंतीपलीकडे असेल तर ५ वर जोडावा, नाहीतर २.४ वर. स्वस्त किंवा जुन्या टीव्हींना ५ दिसतच नाही. त्यांच्यासाठी २.४ हीच वाट.

हे बदल करायचे कुठे? राउटरच्या पाठीवर चिकटवलेल्या कागदावर त्याचा पत्ता असतो, बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१. तो मोबाइलच्या ब्राउझरमध्ये इंग्रजी आकड्यांत टाकला की लॉगिनचे पान उघडते. नाव आणि पासवर्ड बहुधा त्याच कागदावर असतात. काही कंपन्या यासाठी स्वतःचे अ‍ॅप देतात. काहीही बदलण्यापूर्वी प्रत्येक पानाचा मोबाइलने फोटो काढून ठेवावा, म्हणजे परत जाता येते. आणि एका वेळी एकच बदल करावा. पाच बदल एकदम केले तर कशाने सुधारले आणि कशाने बिघडले, दोन्ही कळत नाही.

२.४ च्या पानावर 'चॅनल' असा पर्याय दिसेल. तो बहुधा 'ऑटो'वर असतो. या पट्टीवर एकमेकांत न मिसळणारी चॅनल तीनच धरायची : १, ६ आणि ११. शेजारचे कोणत्या चॅनलवर आहेत ते दाखवणारी मोफत अ‍ॅप अँड्रॉइड फोनवर मिळतात. या तिन्हींपैकी जे मोकळे असेल ते घ्यावे. ३ किंवा ८ सारखे मधले घेतले तर दोन्ही बाजूंचा गोंधळ आपल्या वाट्याला येतो. त्याखाली 'चॅनल विड्थ' असेल ती फ्लॅटमध्ये २० ठेवावी. ४० केली तर कागदावर वेग वाढतो आणि प्रत्यक्षात शेजाऱ्यांशी टक्कर वाढते. ५ च्या पानावर ३६, ४०, ४४, ४८ यांपैकी एक चॅनल घ्यावे. वरच्या आकड्यांची काही चॅनल काही टीव्हींना दिसत नाहीत. मांजलपूरच्या एका घरी "टीव्हीला वाय-फायचं नावच सापडत नाही" ही तक्रार होती, ती एवढ्यानेच मिटली. सुरक्षेच्या पानावर फक्त 'डब्ल्यूपीए-३' निवडलेले असेल तरीही जुना टीव्ही जोडला जात नाही. तेथे 'डब्ल्यूपीए-२' किंवा दोन्हींचा मिश्र पर्याय ठेवावा. पासवर्ड मात्र काढून टाकू नये. वाय-फाय उघडे ठेवणे म्हणजे लॉकरची किल्ली खिडकीत ठेवण्यासारखे आहे.

संध्याकाळी नातवंडे आली की टीव्ही अडकतो, हाही नेहमीचा अनुभव. पुष्कळदा दोष नातवंडांचा नसून त्यांच्या फोनचा असतो. घरात शिरताच फोन दिवसभराचे फोटो आणि व्हिडिओ आपोआप वर पाठवू लागतो. ती जाणारी गर्दी येणाऱ्या गर्दीलाही अडवते. फोटोंचा बॅकअप रात्री झोपताना चालू करायला सांगावे. राउटरमध्ये 'क्यूओएस' असे पान असेल तर टीव्हीला अग्रक्रम देता येतो.

आता सगळ्यांत खात्रीचा उपाय, जो लोकांना सर्वांत कमी आवडतो : केबल. राउटरपासून टीव्हीपर्यंत 'कॅट-६' केबल ओढली की चॅनल, पट्टी, भिंत, शेजारी यांचा प्रश्नच उरत नाही. बऱ्याच टीव्हींच्या मागचे केबलचे भोक १०० एमबीपीएसचेच असते, तरीही फोर-केला ते भरपूर होते. काकूंच्या घरी आधी आम्ही कपाट हलवले, चॅनल १ घेतले, विड्थ २० केली. टीव्हीपाशी ९ ते १४ मिळू लागले, पण काकूंना कीर्तन मध्येच तुटायला नको होते. शेवटी वायरमनला बोलावून भिंतीच्या तळाशी पट्टीतून वीस मीटर केबल टाकली. खर्च झाला तो ३०० च्या प्लॅनमधून दोन-तीन महिन्यांत वसूल होईल इतकाच, कारण मुलाने प्लॅन पुन्हा १०० वर आणला.

केबल शक्यच नसेल तर दुसरे उपकरण बसवावे लागते. स्वस्तातला रिपीटर एकाच पट्टीवर ऐकतो आणि त्याच पट्टीवर पुढे सांगतो, त्यामुळे वेग साधारण निम्मा होतो. तरीही ५० चे २५ झाले तर टीव्हीचे भागते. तो टीव्हीच्या खोलीत बसवू नये. तेथे पोचते तेच मुळात क्षीण, ते पुढे पाठवून काय मिळणार? दोघांच्या मध्यावर, राउटरचा जोर चांगला असेल तेथे बसवावा. मोठ्या दुमजली घराला मेश पद्धतीचे संच बरे, पण ते घेण्याआधी केबलचा पुन्हा एकदा विचार करावा.

वाय-फाय चांगले असून टीव्ही चालत नसेल तर

अ‍ॅप उघडायला वेळ लागतो, चित्रांच्या चौकटी रिकाम्या राहतात, पण एकदा कार्यक्रम लागला की छान चालतो, असे असेल तर 'डीएनएस'कडे पाहावे. संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा अंकी पत्ता शोधून देणारी ही टेलिफोन डिरेक्टरी. कंपनीची डिरेक्टरी कधी कधी सुस्त असते. टीव्हीच्या नेटवर्क सेटिंगमध्ये डीएनएस हाताने भरता येतो : गूगलचा ८.८.८.८ किंवा क्लाउडफ्लेअरचा १.१.१.१. याने वेग वाढतो असे मोबाइलवरचे संदेश सांगतात, ते खरे नाही. पत्ता लवकर सापडतो, एवढेच. उलट कंपनीच्या डिरेक्टरीने जवळचा सर्व्हर दाखवला असता आणि बाहेरच्या डिरेक्टरीने लांबचा दाखवला, असेही होऊ शकते. फरक पडला नाही तर पुन्हा पूर्ववत करावे.

टीव्हीची तारीख हा एक मजेदार प्रकार. बराच काळ वीज गेल्यावर काही टीव्ही जुन्याच तारखेने जागे होतात आणि मग एकही अ‍ॅप उघडत नाही. इंटरनेटवरचे सुरक्षित व्यवहार प्रमाणपत्रावर चालतात आणि प्रमाणपत्राला मुदत असते. तीन महिने उलटलेला किंवा पुढच्या तारखेचा चेक जसा खिडकीवरून परत यायचा, तसाच हा टीव्ही परत पाठवला जातो. तारीख-वेळ 'ऑटोमॅटिक' केली की काम होते.

सात-आठ वर्षांपूर्वीच्या टीव्हीत अ‍ॅपच जुनी होऊन बसतात आणि नवीन आवृत्ती त्यांना मिळत नाही. म्हणून लगेच नवा टीव्ही घ्यायला धावू नये. एचडीएमआयच्या भोकात लावायची एखादी स्टिक किंवा छोटा बॉक्स घेतला तर तोच पडदा आणखी काही वर्षे चालतो. स्टिक टीव्हीच्या पाठीमागे अगदी दबून बसली तर तिला वाय-फाय कमी मिळते. सोबत येणारी छोटी जोडवायर त्यासाठीच असते, ती फेकू नये.

कंपनीकडे तक्रार करायची वेळ आली तर

राउटरजवळ केबल लावूनही वेग कमी येत असेल तर दोष बाहेरचा. फायबरच्या डब्यावर 'एलओएस' नावाचा दिवा लाल लुकलुकत असेल तर प्रकाशच आत येत नाही. तेव्हा कोणतेही सेटिंग बदलून उपयोग नाही. उत्तरायणानंतर आपल्याकडे असे फोन हमखास येतात. गच्चीवरून गेलेल्या तारा पतंगांच्या धामधुमीत ओढल्या जातात, वाकतात. फायबर तुटली नाही तरी फार मुडपली की प्रकाश गळतो. घरातही ती वायर खिळ्याभोवती घट्ट गुंडाळू नये.

फक्त रात्रीच वेग पडत असेल तर आपण लिहून ठेवलेले आकडे कामी येतात. "नेट स्लो आहे" या तक्रारीला कोणी विचारत नाही. "सलग पाच दिवस, रात्री नऊ वाजता, केबलवर, १०० पैकी ११" याला विचारतात. तक्रारीचा डॉकेट क्रमांक अवश्य घ्यावा. ट्रायच्या २०१२ च्या नियमांप्रमाणे तक्रार केंद्राने समाधान केले नाही तर त्याच कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे दाद मागता येते. तेथे हा क्रमांक लागतो. 'अमर्याद' प्लॅनलाही बहुधा एक मर्यादा असते आणि ती ओलांडली की वेग खाली आणला जातो. तक्रारीपूर्वी तेवढे पाहून घ्यावे.

कंपनीचा मदत क्रमांक बिलावरून किंवा त्यांच्या अ‍ॅपमधून घ्यावा, गूगलवर शोधू नये. आपल्या एका सभासदांनी टीव्हीवरचे अ‍ॅप चालेना म्हणून शोधून सापडलेल्या क्रमांकावर फोन केला. पलीकडच्या गोड आवाजाने "टीव्ही पुन्हा सक्रिय करायला फक्त दहा रुपये भरा" असे सांगून मोबाइलवर स्क्रीन दाखवणारे एक अ‍ॅप उतरवून घेतले. सुदैवाने पिन टाकण्याआधी त्यांनी सुनेला हाक मारली. टीव्ही दुरुस्त करायला तुमच्या मोबाइलचा पडदा, ओटीपी किंवा यूपीआयचा पिन कोणालाही लागत नाही. पैसे गेलेच तर १९३० या सरकारी क्रमांकावर ताबडतोब फोन करावा आणि बँकेलाही कळवावे. पहिल्या तासाभरात कळवले तर रक्कम वाटेत अडवली जाण्याची शक्यता जास्त असते.

यंदाच्या उत्सवाआधी ज्यांना आपले घर तपासून हवे असेल त्यांनी मंडळाच्या कार्यालयातल्या वहीत नाव लिहून ठेवावे. शक्य असेल तर राउटरच्या पाठीवरच्या कागदाचा फोटो मोबाइलमध्ये काढून आणावा, पण तो कोणत्याही व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकू नये. त्यावर पासवर्ड असतो.